जुन्या टायरचं काय करायचं?

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला आकड्यांची भीती वाटत नाही, असा एक गैरसमज समाजात रूढ आहे. वास्तविक आम्हांला दुसऱ्यांच्या आकड्यांची भीती वाटत नाही, एवढंच. स्वतःच्या घराचा हप्ता, स्वतःच्या मुलाची फी आणि स्वतःच्या पोटाचा घेर हे आकडे समोर आले की कॅश काउंटरवर वीस वर्षं काढलेला माणूसही चष्मा पुसायला लागतो. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला या यादीत आणखी एका आकड्याची भर पडली. तो आकडा माझ्या गाडीच्या टायरवर लिहिलेला होता.

आमची राजारामपुरी ही नंबरांची वस्ती आहे. इथल्या गल्ल्या पहिली, दुसरी, तिसरी अशा ओळीनं उभ्या आहेत, त्यामुळे पाहुण्याला पत्ता सांगताना आपण खातेक्रमांक सांगतोय असं मला नेहमी वाटतं. पण नंबरांत राहूनही इथला माणूस रुक्ष नाही. कोल्हापुरात गाडी नुसती चालून भागत नाही, ती आलेली कळावी लागते. काहींची हॉर्नवरून कळते, काहींची नंबरप्लेटवरून. माझी गाडी कळते ती चाकांवरून.

ही करामत माझी नव्हे. २०१४ सालची ही छोटी पांढरी गाडी मी चार वर्षांपूर्वी एका निवृत्त गृहस्थांकडून घेतली. त्यांच्या मुलानं हौसेनं मूळची चौदा इंची लोखंडी चाकं काढून तिला सोळा इंची चकचकीत मॅगव्हील बसवली होती. पुढे मुलगा नोकरीला बंगलोरला गेला, गाडी वडिलांकडे राहिली, आणि वडील ती दर सोमवारी दवाखान्यापर्यंत आणि दर गुरुवारी दत्ताच्या देवळापर्यंत नेत राहिले. व्यवहार झाला तेव्हा त्यांनी मूळची चारी लोखंडी चाकं, नटांसकट, मला फुकट दिली. "असू द्यात, कधीतरी उपयोगी पडतील," असं ते म्हणाले. त्यांचं म्हणणं त्याच उन्हाळ्यात खरं ठरलं. आमच्या आईनं ती गच्चीवर नेऊन वाळवणाच्या चादरीच्या चार कोपऱ्यांवर ठेवली. चौदा इंची लोखंडी चाकाखालची चादर वाऱ्यानं उडत नाही, असा तिचा चार वर्षांचा अनुभव आहे.

तर पावसाळ्यापूर्वी चाकांची अलाइनमेंट करायला गेलो असताना तिथला कारागीर गाडीखालून डोकं बाहेर काढून म्हणाला, "सायेब, टायर बदला. ह्याच्यावर घाट उतरू नका."

मी टायरच्या खाचेत नख घालून पाहिलं. खाच चांगली साडेतीन मिलिमीटर होती. कायद्याला १.६ पुरते. मी तसं त्याला सुनावलंही. त्यावर त्यानं टायरच्या कडेला असलेल्या एका लंबगोलातले चार आकडे दाखवले : ३११५. मला ती किंमत वाटली, आणि स्वस्तही वाटली. ती तारीख होती. २०१५ सालचा एकतिसावा आठवडा. टायरवर जन्मतारीख अशी आठवड्यानिशी छापलेली असते, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. मग त्यानं टायरचा बाजूचा भाग बोटानं दाबून दाखवला. उन्हाळ्यात भेगाळलेल्या टाचेसारख्या बारीक चिरा तिथं उघडल्या. रबर नुसतं घासून मरत नाही, उन्हानं, हवेनं आणि ओझोननंही मरतं. उभी गाडी म्हणजे तरुण टायर नव्हे. एका टायरला तर बाजूला लिंबाएवढा फुगा होता. आतले धागे तुटले की असा फुगा येतो. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी तिथं गाड्यांचे टायर तपासून मगच सोडायला सुरुवात झाली, तेव्हा पेपर वाचताना मी 'बरोबर आहे, लोक किती बेफिकीर असतात' असं म्हणून चहाचा घोट घेतल्याचं मला आठवतं.

टायर बदलायचे ठरले. पण कुठले?

इथं माझा आणि टायरवरच्या आकड्यांचा खरा परिचय झाला. माझ्या टायरवर लिहिलं होतं : १९५/५० आर १६. यातले १९५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, पण मिलिमीटरमध्ये नव्हे, रुंदीच्या टक्क्यांत. 'आर' म्हणजे रबर नव्हे आणि रेडियसही नव्हे (मी दोन्ही समजून चुकलो होतो), तर रेडियल. आणि १६ म्हणजे चाकाचा व्यास, इंचांत. निपाणीचा एखादा व्यापारी जसं वाक्य मराठीत सुरू करतो, मधे कानडीत शिरतो आणि 'समझा क्या?' म्हणून हिंदीत संपवतो, तसा हा प्रकार आहे. पण टक्केवारी दिसल्यावर बँकवाल्याला धीर येतो. मी रजिस्टर काढलं.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीनं चिकटवलेल्या कागदावर मूळ माप होतं : १६५/८० आर १४. हिशेब केला. १६५चे ८० टक्के म्हणजे १३२. वरची आणि खालची भिंत मिळून २६४. चौदा इंचांचे ३५५.६. एकूण उंची ६१९.६ मिलिमीटर. आता मुलानं बसवलेलं माप : १९५ची दुप्पट अर्धी म्हणजे १९५च, अधिक सोळा इंचांचे ४०६.४. एकूण ६०१.४. म्हणजे चाक मोठं दिसत होतं, पण टायरसकट उंचीला अठरा मिलिमीटर कमी होतं! बाहेरून डौल वाढला, आतून भांडवल घटलं. अशी कर्जखाती मी पुष्कळ पाहिली आहेत. चाक लहान म्हणजे फेरे जास्त, आणि फेरे जास्त म्हणजे मीटर जास्त पळतो. काटा शंभरावर असताना गाडी प्रत्यक्षात सत्त्याण्णवानंच चालली होती. चार वर्षं मला आपण वेगानं जातोय असं वाटत होतं आणि सांगलीला पोचायला उशीर का होतो ते कळत नव्हतं.

शिवाय मापापुढं आणखी एक आकडा असतो, टायर किती ओझं पेलतो त्याचा. कंपनीनं मागितलेला ८५, म्हणजे दर टायरला ५१५ किलो. बसवलेला ८४, म्हणजे ५००. तारण कमी आणि कर्ज तेवढंच.

चिरंजीव इंजिनियरिंगला आहेत. त्यांचा आग्रह २०५/५५ आर १६चा. "पप्पा, रुंद टायरनं गाडी बसलेली दिसते." मी हिशेब केला. उंची ६३१.९, मूळ मापापेक्षा दोन टक्के जास्त. "चाक वळताना आतल्या पत्र्याला घासेल," मी म्हटलं. "थोडंसं," चिरंजीव म्हणाले. मुलाच्या हट्टापायी बापानं टायरच्या फंदात पडायचं ही रीत मात्र जुनी आहे. १८८८ साली बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरनं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, तेही मुलाच्या तीनचाकी सायकलीचे धक्के कमी व्हावेत म्हणून केलेल्या खटपटीतून. पुढे कळलं की थॉमसन नावाच्या गृहस्थानं १८४५ सालीच तसं पेटंट घेऊन ठेवलं होतं. बापाचं पेटंट टिकलं नाही, मुलाची सायकल तेवढी मऊ चालली.

सरतेशेवटी रजिस्टरात एकच नोंद जुळली : १९५/५५ आर १६. उंची ६२०.९. मूळ मापाशी फरक सव्वा मिलिमीटरचा. ओझ्याचा आकडा ८७, म्हणजे ५४५ किलो. मॅगव्हीलचा डौल शाबूत आणि हिशेबही चोख. बॅलन्स शीट पहिल्या झटक्यात जुळावी असा आनंद झाला. त्या आनंदात मी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, बँकेला सुटी म्हणून, उद्यमनगरच्या बाजूला एका टायरच्या दुकानात गेलो. चार टायरांचे अठ्ठावीस हजार ठरले. हे माप दुकानात नव्हतं, सोमवारी संध्याकाळी येणार होतं.

"आणि जुन्याचं चार हजार वजा करतो," दुकानदार म्हणाला.

माझ्या कानांना ही ओळ फार गोड लागली. टाकाऊ वस्तूचे चार हजार! "पण त्याचं तुम्ही काय करणार?" मी विचारलं. प्रश्न निव्वळ कुतूहलाचा होता. काही प्रश्न विचारायचे नसतात.

"गिऱ्हाईक हाय की," असं म्हणून त्यानं बाकावर बसलेल्या एका पोराकडे बोट केलं.

पोरगा चोविसेक वर्षांचा असेल. त्याचीही गाडी माझ्याच मॉडेलची, आणि तिलाही सोळा इंची मॅगव्हील, कुणाकडून तरी जुनी घेतलेली. रोज सकाळी चार शिक्षिकांना गगनबावड्याकडच्या शाळांवर सोडायचं आणि संध्याकाळी आणायचं, हा त्याचा धंदा. सोळा इंची नवे टायर परवडत नव्हते म्हणून तो आठ दिवस जुन्यांच्या शोधात होता. तो उठून माझ्या गाडीपाशी आला.

"काका, टायर कसं हायत?"

साधा प्रश्न. सहा शब्दांच्या आत उत्तर देता येईल असा. माझ्या डोळ्यांसमोर फुगा आला, चिरा आल्या, ३११५ आले आणि त्यांच्या मागोमाग चार हजार आले. चार हजार सगळ्यांच्या पुढे येऊन उभे राहिले. मी म्हणालो, "ट्रेड भरपूर आहे अजून."

या वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी ते कोर्टात शपथेवर सांगितलं असतं. पोरानं खाचेत अंगठा घालून पाहिला, बाजूच्या चिरांकडे पाहिलंच नाही, "लई भारी" म्हणाला आणि दुकानदाराला पाचशे रुपये विसार देऊन निघून गेला. मी घरी येऊन जेवलो. आमटी नेहमीचीच होती, पण सौ. म्हणाली, "अहो, मीठ कमी आहे का? बोलत का नाही?"

कोल्हापुरात रविवारी सकाळी मटणाच्या रांगेत सर्व जातींचे, सर्व पक्षांचे आणि सर्व विषयांचे लोक भेटतात. आमच्या गल्लीतले एक निवृत्त प्राध्यापक माझ्या पुढे उभे होते. आयुष्यभर त्यांनी तत्त्वज्ञान शिकवलं. आता ऐकायला विद्यार्थी नाहीत, त्यामुळे ते रांगेत भेटतात तेव्हा लोक मोबाईल काढतात. मी मात्र आपण होऊन त्यांना गाठलं. अर्थात 'माझ्या एका मित्राची अडचण' म्हणून. 'मित्राची' बाजूही मांडली. मी बी.कॉम. झालोय. १९३० सालचा मालविक्रीचा कायदा, कलम १६ : ढोबळमानानं, पारखून घेणं हे घेणाऱ्याचं काम. खरेदीदारा, सावध! हा प्रश्न परीक्षेत मला आठ मार्कांना आला होता आणि मी सहा मिळवले होते.

प्राध्यापकांचा चेहरा उजळला. "हा वाद दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे," ते म्हणाले. "सिसेरोनं इसवी सनापूर्वी ४४ साली एक ग्रंथ लिहिला, कर्तव्यांवर. अथेन्सला शिकायला गेलेल्या आपल्या मुलासाठी."

"मुलापायीच का?" मी म्हणालो. मला डनलॉप आठवला.

"त्यात एक घर विकणारा आहे. घरात साप निघतात, लाकूड सडलंय, पण हे मालकाशिवाय कुणाला ठाऊक नाही. त्यानं गिऱ्हाइकाला सांगावं का? बॅबिलोनचा डायोजिनिस म्हणतो, कायदा सांगतो तेवढं सांगावं, खोटं बोलू नये, बास. न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, छे! घेणाऱ्याला जे कळायला हवं ते सगळं सांगितलंच पाहिजे. तुम्ही दोघं एकाच समाजाची माणसं आहात."

"आणि सिसेरो?"

"सिसेरो शिष्याच्या बाजूनं. तो म्हणतो, गप्प बसणं हे दर वेळी लपवणं नसतं. पण दुसऱ्याला कळू नये यात तुमचा फायदा असेल आणि म्हणून तुम्ही गप्प बसला असाल, तर ते लपवणंच."

"पण माझा मित्र गप्प बसला नाही," मी म्हणालो. "त्यानं उत्तर दिलं. खरं उत्तर दिलं. ट्रेड भरपूर आहे."

एवढा वेळ सुरा चालवता चालवता ऐकत असलेला मटणवाला थांबला. "सर, ह्यांनी मला इचारलं, मटण ताजं हाय का? आणि मी म्हटलं, बकरं लई धष्टपुष्ट होतं. चालंल?"

रांगेतले सगळे हसले. मीही हसलो. पाव किलो जास्त घेतलं आणि घरी आलो. तांबडा रस्सा पोटात गेला, पण दुपारची झोप काही आली नाही. सिसेरोमुळे नव्हे. मला भलतंच कुणीतरी आठवलं होतं.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. भाजी विकणारी एक मावशी काउंटरवर पैसे भरायला आली. दहा-वीसच्या चुरगळलेल्या नोटा, आणि त्यांच्यात जपून घडी घातलेली एक पाचशेची. पाचशेची खोटी निघाली. नियमाप्रमाणे मी तिच्यावर खोटी नोट असल्याचा शिक्का मारला, ती जप्त केली आणि मावशीला पावती दिली. खोटी नोट बँक परत देत नाही आणि तिच्या बदल्यात पैसेही देत नाही. मावशी पावतीकडे बघत राहिली. "मला कुणी दिली ते ठावं न्हाई बघा. मी काय छापली न्हाई. मलाच का?"

"मावशी, नियम आहे."

"अगुदर कळलं असतं तर बाजारातच चालवली असती की. तुमच्याकडं कशाला आणली असती?"

तेव्हा मी तिला प्रवचन दिलं. काउंटरच्या काचेआडून फार सुंदर प्रवचन देता येतं. म्हटलं, "मावशी, न कळता आली तोवर तुमचा दोष नाही. पण कळल्यावर पुढं चालवली तर तो गुन्हा. पूर्वी दंडविधानात कलम ४८९ ब होतं." (१ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत १७९ झालं आहे, कलम बदललं, गुन्हा तोच आहे.) "कुणीतरी तोटा सोसल्याशिवाय खोटी नोट थांबत नाही. ज्याला कळलं, त्याच्याजवळ ती थांबली पाहिजे."

मावशीनं पावती कनवटीला लावली आणि ती गेली. पाचशे रुपये म्हणजे तिची दीड-दोन दिवसांची कमाई असावी. माझं प्रवचन मात्र कार्यालयीन वेळेत झालं होतं. त्याचा मला पगार मिळाला होता.

रविवारच्या दुपारी छताकडे बघत पडल्यावर माझ्या लक्षात आलं, की माझ्या गाडीखाली चार खोट्या नोटा आहेत. वर गांधीजी दिसतात, खाच चांगली साडेतीन मिलिमीटर आहे, पण आत सुरक्षा-धागा तुटलाय. त्या मी छापलेल्या नाहीत. मलाही कुणीतरी न सांगताच दिल्या. पण मला कळलंय. आणि कळल्यावर मी त्या बाजारात चालवतोय, आणि तेही कुणाकडे, तर पावसाळ्यात गगनबावड्याच्या रस्त्यानं चार बायका घेऊन जाणाऱ्या पोराकडे. जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस तिथं पडतो.

सोमवारी बँकेतून थेट दुकान गाठलं. नवे टायर आले होते. पोरगाही आला होता. मी त्याला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. तारीख दाखवली, चिरा दाबून दाखवल्या, फुग्यावर त्याचा हात ठेवला. म्हटलं, "हे टायर तू घेऊ नकोस. शनिवारीच सांगायला हवं होतं. चुकलं माझं." अंटिपेटर, सिसेरो आणि मटणवाला तिघं माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे आहेत असं वाटलं.

पोरगा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, माझं टायर बघितल्यासा का?"

आम्ही त्याच्या गाडीपाशी गेलो. मागच्या एका टायरला खाच अशी नव्हतीच. हात फिरवला तर ताटासारखा गुळगुळीत. दुसऱ्याच्या कडेला रबर जाऊन आतली तार चमकत होती. "ह्याच्यापरीस तुमचं लाखपट बरं. उद्या सकाळी सातला ट्रिप हाय. तुम्ही न्हाई दिलं, तर मी ह्याच्यावरच जाणार न्हवं?"

माझ्या खांद्यावरचे तीन हात एकदम निघून गेले. माझं म्हणणं असं होतं, की माझं पाप मी पुढं चालवणार नाही. त्याचं म्हणणं असं होतं, की तुमचं पाप माझ्या पापापेक्षा स्वस्त आणि मस्त आहे. माझे हात स्वच्छ राहतील. त्याच्या गाडीची तार मात्र तशीच चमकत राहील. मी बाहेर येऊन प्राध्यापकांना फोन लावला. ते म्हणाले, "विचार करायला हवा. सिसेरोच्या गिऱ्हाइकाला दुसरं घर नव्हतं की काय, ते त्यानं लिहिलेलं नाही." तत्त्वज्ञानाचा हा एक अनुभव आहे : आठ मार्कांच्या प्रश्नापर्यंत ते बरोबर येतं, सकाळी सातच्या ट्रिपला येत नाही.

मी परत आत आलो आणि बँकवाल्याचा धंदा केला. म्हणजे, गिऱ्हाइकाला पैसे का कमी पडतात ते विचारलं.

"सोळा इंची नवीन सात हजाराला एक, काका. चौदाची मिळत्यात साडेचार हजारात. पण माझ्याकडं चौदाची चाकंच न्हाईत. गाडी घेतली तवा मॅगच होती."

दुकानदार लगेच म्हणाला, "चौदाची चाकं असती तर प्रश्नच न्हवता. त्या मापाचे कोरे टायर येत्यात आमच्याकडं. नव्या गाडीचे उतरवलेले. लोक शोरूममधनं गाडी आणत्यात ती थेट हिथं, मॅग बसवायला. निम्म्या दरात देतो."

माझ्या डोळ्यांसमोर आमची गच्ची आली. उन्हात पसरलेली चादर आली, तिच्यावरचे सांडगे आले आणि चार कोपऱ्यांवरची चार लोखंडी चाकं आली. तेच मॉडेल, चौदा इंची, चार नट, नटांच्या वर्तुळाचा व्यास तोच १०० मिलिमीटर. अर्ध्या तासात मी आणि चिरंजीव ती घेऊन आलो. लोखंडी चाकाचे नट मॅगच्या नटांपेक्षा वेगळे होते. तेही आईनं लोणच्याच्या रिकाम्या बरणीत जपून ठेवले होते. आई एवढंच म्हणाली, "आता सांडगे उडाले की धरायला तू ये."

पोराला चाकं पाहून आनंद झाला असेल, असं कुणाला वाटेल. त्याचा चेहरा पडला. "मॅग काढायची? गाडीचा रुबाबच जाईल की वो." मी कोल्हापूरकर आहे, मला ते दुःख समजलं. मी स्वतःच्या मॅगकडे बघितलं आणि गप्प बसलो. हे गप्प बसणं सिसेरोच्या व्याख्येत बसतं का, ते मी प्राध्यापकांना विचारलेलं नाही. शेवटी दुकानदारानं पोराची मॅगव्हील ठेवून घेतली, त्यांची किंमत धरली आणि दोन नवे, दोन उतरवलेले असे चार टायर त्याला बसवून दिले. चारांवरची जन्मतारीख मी स्वतः वाचली. पोरगा मधूनमधून रस्त्यावर जाऊन लांबून गाडीकडे बघून यायचा, लग्नात केस कापून आणलेल्या भावाकडे बघावं तसा. पैसे देताना म्हणाला, "बाईंना काय सांगू आता?"

राहिले माझे जुने चार. दुकानदार म्हणाला, "सायेब, दुसरं गिऱ्हाईक येईल. चार हजार तुमचं पक्कं."

"कापा," मी म्हणालो.

"काय?"

"बाजूनं कापा. कुणाला बसवता येऊ नये असं."

"सायेब, धडका टायर कापायचा?" त्याला खरोखरच वाईट वाटलं. पण त्यानं सुरी घेतली आणि चारांच्या बाजूला एकेक हातभर चीर पाडली. प्रत्येक चीर पडताना मला काउंटरवरचा तो शिक्का उठल्यासारखं वाटलं. फरक एवढाच, की या वेळी काचेच्या बाहेरच्या बाजूला मी होतो. भंगाराच्या भावानं चारांचे दोनशे रुपये आले. म्हणजे तोटा तीन हजार आठशे. घरी जाईपर्यंत मी तीन वेळा मनातल्या मनात तो आकडा मोजला. मावशीनं तर तिचे पाचशे पायी घरी जाताना किती वेळा मोजले असतील.

ती अजून येते पैसे भरायला. परवा आली तेव्हा तिच्या सगळ्या नोटा चांगल्या निघाल्या. मी प्रवचन दिलं नाही.

आता हे वाचून कुणी मला फार मोठा माणूस समजू नये, म्हणून एक गोष्ट सांगून टाकतो. त्या बुटक्या टायरांमुळे मीटर तीन टक्के जास्त पळत होता, हे मघाशी सांगितलंच. त्या टायरांवर मीटरप्रमाणे तीस हजार किलोमीटर झाले आहेत. म्हणजे माझ्या मीटरात सुमारे ८८० किलोमीटर असे आहेत, की जे गाडी कधी चाललेलीच नाही. पुढेमागे ही गाडी मी विकेन, तेव्हा हे सत्य मी गिऱ्हाइकाला सांगेन. तो विचारण्याच्या आधी सांगेन, रजिस्टर उघडून हिशेबानिशी सांगेन, आणि त्याला पटेपर्यंत सांगत राहीन. आपल्या फायद्याचं सत्य सांगायला मला आजवर कधी सिसेरो लागलेला नाही.